वडिलांच्या शिक्षणाचा रकाना

माया : नाही सर, आधी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून बघा. मग काय ते बोला.

स्वानंद : बघितले. आपल्या 'दिशादर्शक' करिअर टेस्टचेच रिपोर्ट आहेत. यात बघायचं काय?

माया : नावं वाचा.

स्वानंद : रुचिता, राहणार मोहने. आणि हा... हाही रुचिता, मोहने. दोनदा छापलास होय? माया, नीट लक्ष दे गं जरा. सीझन चालू आहे.

माया : एकच मुलगी. एकच टेस्ट. एकशे ऐंशी प्रश्न, त्यांची तिनं एकदाच दिलेली उत्तरं. या कागदावर काय लिहिलंय? आर्किटेक्चर, सिव्हिल इंजिनीअरिंग, नगररचना. शाखा सायन्स. आणि याच्यावर? ब्युटी पार्लरचा कोर्स, हॉस्पिटलात मदतनीस, पॅकिंग विभाग. शाखा आर्ट्स, 'किंवा सहा महिन्यांचा कोर्स'.

स्वानंद : मग एन्ट्री करताना घोळ घातला असशील.

माया : घातला ना. वडिलांच्या शिक्षणाचा रकाना आहे बघा, त्यात यादी उघडते. माझा माउस घसरला. सातवीच्या जागी पदवीधर झालं. रिपोर्ट आला आर्किटेक्चरचा. मी खूश, म्हटलं पोरगी हुशार आहे. मग चूक दिसली म्हणून सुधारली. एक क्लिक सर, फक्त एक. आर्किटेक्चर गेलं आणि पॅकिंग आलं. बापाच्या यत्ता कमी केल्या की पोरीची अक्कल कमी होते?

स्वानंद : आवाज खाली घे. बाहेर पालक बसलेत.

माया : एकच बसल्यात. हिचीच आई, शांताबाई. महापालिकेच्या शाळेत खिचडी शिजवतात. अर्धा दिवस बुडवून डोंबिवलीला आल्यात. अकरावीचा ऑनलाइन फॉर्म आज पाचला बंद होतोय, आणि त्या म्हणतात, मॅडम, तुमचा कॉम्प्युटर जे लिहून देईल तेच भरणार. डोळे मिटून! म्हणून धावत आत आले. सिस्टीमवाल्यांना फोन लावा, सांगा बिघडलंय.

स्वानंद : बिघडलेलं नाहीये.

माया : म्हणजे?

स्वानंद : ते सेटिंग आहे. मीच करून घेतलंय, तू यायच्या आधी. बस. पाणी घे.

माया : पाणी नको. बोला.

स्वानंद : हे बघ, सुरुवातीला आपण सगळ्यांना सरसकट मोठमोठं लिहून द्यायचो. मुलं उत्साहानं सायन्स घ्यायची आणि सहा महिन्यांत गळपटायची. घरी अभ्यास घ्यायला कोणी नाही, विचारायला कोणी नाही. मग त्यांच्या शाळांचे मुख्याध्यापक माझ्या नावानं शंख करायचे. तेव्हा मी ठरवलं, सल्ला वास्तवाला धरून द्यायचा. घरात दहावीपर्यंतही कोणी शिकलेलं नसेल तर सिस्टीम वरचे पर्याय झाकून ठेवते. पुसत नाही. झाकते, इतकंच.

माया : झाकते, इतकंच.

स्वानंद : त्यांच्याच भल्यासाठी. झेपणार नाही ते दाखवायचं आणि मग मूल रडताना बघायचं, हे मला जमत नाही. संवेदनशील माणूस आहे मी. आणि यात आपण कोणाची जात विचारतो का? धर्म विचारतो का? फक्त शिक्षण. अगदी वस्तुनिष्ठ.

माया : शी! सर, हे बोलवतं तरी कसं तुम्हाला?

स्वानंद : सकाळी काही खाल्लं नसशील, म्हणून चिडचिड होतेय.

माया : जातीचं नाव तुम्ही काढलंत हां, मी नाही. मी मघाशी स्वतःची टेस्ट टाकली. ट्रेनिंगच्या वेळी दिलेली माझी उत्तरं, माझी माहिती. आमचे आबा चौथी, आई सहीपुरती. काय आलं माहितीये? 'भोजनगृह सहायक'. मी सायकॉलॉजीत एम. ए. आहे, सर. बाहेर दारावर माझ्या नावाखाली समुपदेशक अशी पाटी लावलीत तुम्ही.

स्वानंद : तू अपवाद आहेस. हे मी सगळ्यांना अभिमानानं सांगतो.

माया : माहितीये. प्रत्येक पालक मेळाव्यात मला उभी करता. 'ही आमची माया, कोपरीच्या चाळीतून आलीये, टाळ्या वाजवा.' लोक वाजवतात. आणि इकडं माझ्यासारख्या पोरी तुमचं मशीन झाकून ठेवतंय. किळस येते हो. त्या टाळ्यांची पण यायला लागलीये आता.

स्वानंद : तू हे व्यक्तिगत घेतेयस.

माया : मग व्यक्तिगतच बोलते. तुमच्या देवयानीची टेस्ट मीच घेतलेली. तिच्या मार्कांचं पान आज पहिल्यांदा उघडलं. आकृत्या आणि जागेचा अंदाज, या भागात ती शंभरातल्या सदतीस मुलांच्या पुढे होती. ही रुचिता एक्क्याण्णव मुलांच्या पुढे आहे. देवयानीला काय सुचवलं मशीननं? आर्किटेक्चर! शिकतेय ना पुण्यात?

स्वानंद : माझ्या मुलीला मध्ये आणायचं नाही.

माया : तिची काही चूक नाही, शिकू दे तिला. तिला घरी विचारायला माणूस होता, एवढंच मी म्हणतेय. आणि ज्यांना नव्हता ते आपल्याकडे आले. त्यासाठीच तर आले!

स्वानंद : झालं तुझं? आता तो दुसरा रिपोर्ट त्या बाईंना दे, पहिला फाडून टाक. सिस्टीमचं काय ते आपण सीझन संपल्यावर शांतपणे बोलू. आणि हे या केबिनच्या बाहेर जाता कामा नये.

(दार ढकलून शांताबाई आत येते.)

शांताबाई : बाहेर कधीच आलंय ते, साहेब. प्लायवूडची भिंत आहे तुमची.

स्वानंद : या, या. बसा ना. तुमचाच रिपोर्ट घेऊन बोलत होतो. हा घ्या. मुलगी गुणी आहे तुमची.

शांताबाई : दोन आहेत ना?

स्वानंद : एक चुकून छापला गेलाय.

शांताबाई : कोणता चुकून?

माया : मावशी, बसा. मी सांगते सगळं.

शांताबाई : सांगायचं काय राहिलंय? ऐकलं मी. तुम्ही एक सांगा. त्या दिवशी फॉर्म भरताना तुम्ही विचारलं, रुचिताच्या पप्पांचं शिक्षण किती. मी काय बोलली?

माया : दहावी.

शांताबाई : दहावी बोलली. तुम्ही पेन खाली ठेवलं. बोललात, मावशी, खरं सांगा हां, फॉर्मवर खोटं लिहिलं तर पोरीचंच नुकसान होईल.

माया : हो. बोलले.

शांताबाई : दुसरं कोणी असतं ना, तर मी दहावीच ठेवली असती. कोण बघायला येतंय? पण तुमच्या मोबाइलवर मी बाबासाहेबांचा फोटो बघितला. जय भीम बोलली. तुम्ही आधी दाराकडं बघितलं, साहेब आहेत का, आणि मग हळूच जय भीम बोललात. मला त्याचं पण काय वाटलं नाय. म्हटलं नोकरी आहे, असतं एकेकाचं. पण आपलं माणूस आहे, आपल्या माणसाशी कशाला खोटं बोलायचं? म्हणून सांगितलं, सातवी. ती पण नापास. तुम्ही मला शाब्बास बोललात.

माया : मावशी...

स्वानंद : अहो बाई, तो प्रश्न केवळ माहितीसाठी असतो. तुम्ही उगाच गैरसमज करून...

शांताबाई : तुम्ही थांबा हो जरा. तुमच्याशी बोलतच नाय मी. तुमच्यासारखे मी शाळेत पाटी घेऊन गेली तेव्हापासून बघत आलीये. तुमचं मला नवीन काय नाय. मी हिच्याशी बोलते.

माया : मला माहीत नव्हतं तो रकाना कशासाठी आहे. खरंच नव्हतं.

शांताबाई : किती वर्षं बसताय इथं?

माया : तीन.

शांताबाई : तीन वर्षांत एकदा पण वाटलं नाय, पेपर पोर देतंय आणि यत्ता बापाची कशाला विचारतात?

माया : नाही वाटलं. फॉर्ममध्ये होतं म्हणून विचारलं.

शांताबाई : आणि कागद असे निघायचे ते? ते तर बघत होतात ना?

माया : बघत होते. मला वाटायचं... मला वाटायचं आपलीच पोरं कमी पडतात. घरी जाऊन आबांशी भांडायचे, की आपल्या वस्तीत कोणी अभ्यास करत नाही, नुसते जयंतीला नाचतात. मार्कांचं पान मी आजच्या आधी कधी उघडलंच नाही. शेवटचं पान छापायचं, वाचून दाखवायचं आणि समजूत काढायची. तेवढंच माझं काम. चांगली समजूत काढते म्हणून पगारवाढ पण दिली मला यांनी.

स्वानंद : आता तू माझ्यावर चिखलफेक करतेयस, माया.

माया : नाही सर. मी माझ्याबद्दल बोलतेय. तुमची किळस मघाशी येऊन गेली. आता माझी येतेय. मावशी, हा घ्या. हा आर्किटेक्चरचा. सही करते, शिक्का मारते.

स्वानंद : शिक्का माझ्या परवानगीशिवाय लागणार नाही.

माया : शिक्क्यावरचा हात काढा.

शांताबाई : नको. राहू दे.

माया : का? हा बरोबर आहे, मावशी. हिला झेपेल हे, मी लिहून देते.

शांताबाई : हा पण माझ्या पोरीचा नाय. हा कोणा पदवीधराच्या पोरीचा आहे. माझ्या पोरीचा बाप सातवी नापास आहे. परांचीवर उभा राहून लोकांचे टॉवर रंगवतो. तो आहे तसा असून तिला जे येतंय ते येतंय. बाप बदलून आणलेला कागद घेऊन मी घरी गेली, तर त्याला काय तोंड दाखवू?

माया : मग काय देऊ मी तुम्हाला?

शांताबाई : तिनं टेस्टमध्ये काय केलं ते असेल ना? नुसतं तेवढंच.

माया : आहे. हे पान. हे बघा, गणितात शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर मुलांच्या पुढे. भाषेत साठ. आणि हे एक्क्याण्णव, आकृत्या आणि जागेचा अंदाज.

शांताबाई : जागेचा अंदाज म्हणजे?

माया : म्हणजे एखादी वस्तू वळवली तर कशी दिसेल, कुठून जाईल, कुठे मावेल. हे सगळं डोक्यातल्या डोक्यात.

शांताबाई : हात्तिच्या! ते तर तिला येतंच. आमच्या चाळीचा जिना हा एवढासा. नवीन कपाट घेतलेलं, ते वर चढेना. चार गडी घामाघूम. एक बोलला, परत करा. ही तेव्हा सहावीत होती. खालून बघत होती, बोलली, कपाटाची दारं काढा, पाय वर करा आणि वळणावर उभं करा. गेलं ना कपाट! तिचे पप्पा आठ दिवस सगळ्यांना तेच सांगत फिरत होते. द्या ते पान.

स्वानंद : ते पान अंतर्गत आहे. पालकांना देत नाही आपण.

शांताबाई : माझ्या पोरीनं लिहिलंय ते.

माया : घ्या, मावशी. आणि फॉर्म? पावणेचार होत आलेत. मी भरून देऊ का इथं बसून? दोन मिनिटं लागतील.

शांताबाई : नको. रुचिता शाळेत दाखला आणायला गेलीये. कोपऱ्यावर सायबर कॅफे आहे, तिथं येईल आता. तिलाच विचारते, बाई, तुला काय शिकायचंय. एवढा खटाटोप केला, इथं आणली, कॉम्प्युटरवर बसवली, पण तिला कोणी विचारलंच नाय. मी पण नाय.

स्वानंद : ठीक आहे, घ्या सायन्स. पण उद्या नापास झाली तर आमच्या दारात येऊ नका.

शांताबाई : झाली तर तिची ती होईल, साहेब. तुम्ही आजच करून ठेवली होतीत.

माया : मावशी, थांबा एक मिनिट. माझ्याकडे यादी आहे, तीन वर्षांची. नावं, फोन नंबर. मी एकेकाला फोन करते. सांगते, तो कागद खोटा होता म्हणून.

स्वानंद : ती यादी संस्थेची आहे. एक फोन केलास तरी उद्यापासून यायची गरज नाही.

माया : उद्यापासून कोण येतंय! मावशी, तुमच्या मोहन्यातली पण बरीच मुलं आहेत त्यात. पत्ते मिळाले तर मी स्वतः येईन.

शांताबाई : आमच्या मागच्या लायनीत गंगुबाई राहते. तिची नात आलेली ना तुमच्याकडे? दोन वर्षं झाली.

माया : मृणाल. जाड चष्मा, सारखे प्रश्न विचारायची. तिला डॉक्टर व्हायचं होतं. उठतच नव्हती खुर्चीवरून. मी तासभर तिच्याशी बोलले. शेवटी तयार झाली ती, सहा महिन्यांच्या कोर्सला.

शांताबाई : तो कोर्स झाला. नोकरी नाय लागली. आता खडवलीकडं एका गोडाउनात पॅकिंगला जाते.

माया : मला तिच्याकडे घेऊन चला. आजच. मी माफी मागते तिची.

शांताबाई : कसली माफी? तिला काय माहीतच नाय. ती अजून तुमचं नाव काढते. बोलते, घरात कोणी नव्हतं सांगायला, पण मॅडमनी किती प्रेमानं समजावलं.