सायबाच्या गाडीचा अप्पर

मला घाबरट म्हणता ना, मग हे ऐकाच. माजलगावहून मी गाडी चालवत येत होते, शेजारी वडील, अण्णा. निघतानाच ते म्हणाले होते, "आज एकदा जरी दचकलीस, तर किल्ली परत माझ्याकडं."

दिवस मावळत होता. वडवणीच्या अलीकडं समोरून एका पुढाऱ्याची जीप अप्पर लावून, झोत थेट डोळ्यांवर मारत आली. मी दोनदा डिप्पर दिला, पण ती लाइट खाली करीना. डोळ्यांपुढं सगळं पांढरं झालं, मी दचकून ब्रेक मारला आणि गाडी भर रस्त्यात बंद पडली. अण्णांनी किल्लीसाठी हात पुढं केला.

जीपही थांबली. ड्रायव्हर ओरडला, "ओ ताई, बाजूला घ्या! सायबाची गाडी हाय, आमी लाइट खाली करत न्हाई."

मी खाली उतरले. "समोरच्याच्या डोळ्यांत झोत जाऊ नये म्हणून आमच्या दिव्यांना नियमानं काळे ठिपके हायेत, तुमच्या कावून न्हाईत?" म्हणत पर्समधल्या दोन मोठ्या काळ्या टिकल्या काढल्या आणि जीपच्या दोन्ही दिव्यांवर चिकटवल्या.

आतून साहेबच म्हणाले, "लाइट खाली कर बे, न्हाईतर आता कुंकूबी लावंल!"

जीपचा लाइट खाली झाला. मी परत येऊन बसले. अण्णांचा हात अजून पुढंच.

"दचकलीस."

"दचकले की. पण लाइट खाली कुणी करायला लावला?" म्हटलं आणि गाडी चालू केली.