काकीला मुलगा झाला

आखातात, करामाच्या बसस्टॉपवर माझ्या पुढे रत्नागिरीकडच्या दोघी उभ्या होत्या.

“ताजआपा, आज बर्फी कसली?”

“माझ्या साहेबांच्या काकीला मुलगा झाला.”

“त्या वेल्सवाल्या गोऱ्या साहेबांच्या? आणि काकीला या वयात?”

“दुसरी बायको गं, तरुण आहे. काका तिकडचे लॉर्ड. ते वारले तेव्हा ती पोटुशी होती. मुलगा झाला तर तो लॉर्ड, नाहीतर पुतण्या, म्हणजे आमचे साहेब. बाळ होईपर्यंत कुणालाच टायटल नाही.”

“मग साहेबांचं टायटल गेलं आणि तू बर्फी वाटतेस?”

“साहेबांनीच आणली! लॉर्ड झाले असते तर इथलं घर खलास. तिकडचा गळका किल्ला सांभाळत बसले असते आणि माझा व्हिसा कॅन्सल.”

“अल्लाने ऐकलं बाई. पण काकांना आधीची मुलं नव्हती?”

“तीन मुली आहेत. मोठी तर वकील आहे.”

“मग ती का नाही लॉर्ड?”

“त्यांच्यात ते मुलींना मिळतच नाही. आपल्यात निदान हिस्सा तरी असतो.”

“अजब कायदा आहे.”

“कायद्याचं सोड, माझंच बघ. माझ्या दोन्ही बाळंतपणांत सासू मुलगाच मागत होती, म्हणून मी तिच्याशी बोलणं टाकलं. आणि हा सगळा उन्हाळा रोज नमाजानंतर मी काय मागत होते?”

“...मुलगा?”

“चल यल्ला, बस आली. आज सासूला फोन लावते.”