पंखा चालू असतानाचं तापमान

नाव : विनता श्यामसुंदर खानझोडे. वय ३४ वर्षे. धंदा : तापमान मोजणाऱ्या यंत्रांची तपासणी व जुळवणी. राहणार दीक्षितपुरा, जबलपूर.

मी स्वतः ठाण्यात हजर राहून सांगते की, प्लास्टिक पिशव्यांच्या कारखान्याचे मॅनेजर मोहनजी यांनी माझ्यावर मशीन बंद पाडल्याची व सेन्सर चोरल्याची तक्रार दिली आहे. मशीन मी बंद केली. सेन्सर मी काढला. चोरला नाही.

काल मंगळवारी सकाळी साडेदहाला मी जुळवणीसाठी, म्हणजे यंत्राचा आकडा खऱ्या तापमानाशी मिळवून तसं सर्टिफिकेट द्यायला, तिथे गेले. मशीनच्या गरम रोलरचं तापमान स्पर्श न करता मोजणारा सेन्सर तिथे आहे. पडद्यावर आकडा पंचेचाळीसच्या खाली आला की कामगार रोलर हाताने पुसतात. शेजारी मोटर थंड ठेवणारा पंखा आहे. त्याचा वारा थेट सेन्सरवर येतो. पडद्यावर ४४ होते. मी रोलरला टेकवायचा थर्मामीटर लावला. ६९ निघाले. पंख्यासमोर पुठ्ठा धरून दहा मिनिटं थांबले, तेव्हा दोन्हींत एकाच अंशाचा फरक राहिला.

मशीनवर अंजनी पुंडलिक राऊत होती. उजव्या तळहाताला पट्टी. डाव्या हाताने काम करत होती. मी विचारलं. ती म्हणाली, "पडद्यावर चाळीस दिसून राहिले होते दीदी, म्हणून हात लावला. सारे म्हणतात, माझंच ध्यान नव्हतं."

मी मोहनजींना सेन्सरची जागा बदला म्हटलं. ते म्हणाले, "मैडम, पंखा बंद करके मिला दो और सर्टिफिकेट दे दो." मी विचारलं, मशीन पंखा बंद ठेवून चालवता का? ते म्हणाले, "आपको इससे क्या?" मग अंजनीकडे वळले. "चलो, रोलर साफ करो."

अंजनीने फडकं उचललं. मी मेन स्विच खाली ओढला. सेन्सर खोलला आणि बाराच्या आत इथे जमा केला. पावती माझ्याजवळ आहे.

माफी लिहून देऊन प्रकरण मिटवता का, असं मला विचारण्यात आलं. नाही. सेन्सर वाऱ्यातून हलवल्याशिवाय सर्टिफिकेटवर माझी सही मिळणार नाही. अंजनी बाहेर बाकावर बसली आहे. तिचाही जबाब घ्यावा.

हवालदार भाऊराव यांनी वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "स्विच चुकून बंद झाला" असं लिहिलं होतं. ते मी खोडायला लावलं. आता मजकूर मी सांगितला तसाच आहे. खोडलेल्या जागीही माझी सही आहे.