दाराशेजारचं मडकं

जावातल्या आमच्या गावच्या दवाखान्यात, माझ्या पुढच्या बाकावर दोघी नंबरची वाट बघत होत्या.

"सुईणबाई, ऐकलंत का? त्या विरात्मो साहेबांना उत्खननात मडकं सापडलं. आत सुई आणि पाटीवरची पेन्सिल! सातशे वर्षांपूर्वीच्या कुणा पंडिताच्या अस्थी असणार, म्हणाले."

"कुठे खणलं?"

"त्या पडक्या घराच्या दाराशी, उजव्या हाताला."

"अगं, बाळंतपणात पडलेली मुलाची वार होती ती. मीच पुरली. पोर हुशार निघावं म्हणून पेन्सिल ठेवतो ना आपण!"

"मग साहेबांना सांगा की!"

"कुठल्या तोंडाने सांगू? तान्हा होता, तेव्हाच आई त्याला शहरात घेऊन गेली."

"कुणाला?"

"तुझ्या साहेबांना गं. पेन्सिल फुकट गेली माझी."