राजधानीचा गुरुवार

गुरुवारच्या सुट्टीपायी कुणाची राजधानी पडलेली ऐकलीय का, राव? माझी पडली.

मी आणि सांगवीचा संदेश, आम्ही दोघं कॉम्प्युटरवर तो राज्य उभारायचा गेम खेळतो. एक चाल त्याची, एक माझी. गेमचे नियम एका साध्या फाइलमध्ये असतात, हवे तसे बदलता येतात. तीन रविवार खेळून मी पहिल्यांदाच जिंकत आलो होतो, तेवढ्यात पप्पा मागे येऊन उभे राहिले. भोसरीत तीस वर्षं फिटर, त्यात युनियनचा माणूस.

"हे कामगार मघापासून राबतायत. यांची साप्ताहिक सुट्टी कधी?"

"पप्पा, गेममध्ये सुट्टी नसते."

"मग नियम बदल. आमच्या एमआयडीसीत गुरुवार असतो, तसा यांनाही दे."

त्यांचं मन मोडवेना. माझ्या राज्यापुरता नियम टाकला, दर सातव्या चालीला सुट्टी. संदेशनं हसत हसत परवानगी दिली. फक्त 'कामगार' लिहायच्या जागी मी 'सगळे' लिहून बसलो.

सातवी चाल आली आणि माझं अख्खं सैन्य सुट्टीवर! संदेश निवांत चालत आत आला आणि राजधानी घेऊन बसला.

मी ओरडलो, "पप्पा, तुमच्या गुरुवारनं राजधानी गेली!"

पप्पांनी चष्मा लावला, स्क्रीन नीट पाहिला आणि उलट माझ्यावरच भडकले.

"गुरुवारला नावं ठेवू नकोस! अरे, कंपनी बंद असली तरी गेटवर वॉचमन असतो. तुझा कुठाय?"