सिंधूकाकूचा अमेरिकन मिक्सर

परदेशातून मिक्सर मागवून राह्यले न तुम्ही? मंग आधी आमच्या रोहिणखेडच्या सिंधूकाकूचं ऐका.

तिच्या जावयानं अमेरिकेहून मिक्सर आणला. मी त्याच्या बुडाचं लेबल वाचलं अन् म्हटलं, "काकू, हा एकशेदहा व्होल्टचा आहे. आपल्या बोर्डात दोनशेतीस येते. मधात ट्रान्सफॉर्मर लाव, नाही तं जळून जाईन."

काकू हसली. "आपल्या गावात कुठं येते बे दोनशेतीस? वावरातल्या मोटरी चालू झाल्या का बल्ब नुसता पिवळा पडते. तवाच लावीन मी मिक्सर."

अन् खरंच, हिवाळाभर मोटरींचा आवाज आला का काकू शेंगदाण्याची चटणी वाटे. मिक्सर मजेत चाले. वरून मलेच ऐकवे, "काऊन बे, जळला का?"

मंग एक दिवस मोटरी चालू असतानाच मिक्सरातून भसकन धूर निघाला. बाहेर येऊन पाह्यलं, तं गावात मोठी नवी डीपी बसली होती. पुरं व्होल्टेज आलं म्हणून सारं गाव खूश. काकू मात्र जळका मिक्सर घेऊन लाइनमनपुढं उभी.

"भाऊ, लाइन सुधारायच्या आधी सांगा लागते न माणसाले!"