इहिरीले नावं ठेवू नये

माहेर माहं मोर्शीकडचं, संत्र्याच्या बगिच्यातलं, लग्न होऊन अमरावतीले आली तवा शहर आमच्या वावरापासून दूर होतं, सासू म्हने पोरी, वावरातल्या ह्या इहिरीच्या पान्यावर आपल्या घराची पालेभाजी पिकली, इहिरीले कधी नावं ठेवू नये. सासू गेली, मालकही गेले, पन ते बोलनं डोक्यात राह्यलं. शहर सरकत सरकत आलं. पयले प्लाट पडले, मंग सिमेंटचा रस्ता, मंग चारी बाजूनं घरं, अन् मधात मी अन् माही सून, मेथी-सांभार काढून राह्यलो. सांभार म्हंजे तुमची कोथिंबीर.

रस्ता झाला ते चांगलंच झालं, खोटं कावून बोलू, पयले डोक्यावर टोपलं घेऊन चिखलातून जा लागे, आता आटो दारात येते. पन त्या घरांचं सांडपानी उघड्या नालीनं आमच्या धुऱ्यापर्यंत, म्हंजे बांधापर्यंत आलं अन् तठीच थांबलं. इहिरीले वास सुटला. गिऱ्हाईक जुडी नाकाले लावे अन् ठेवून दे. लोक म्हनत, इकून टाका वावर. मले रडूच ये.

अशात येक पोरगी सर्व्हेचे कागद घेऊन आली. म्हने काकू, अमरावती, अकोला, आजूबाजूची शहरं वाढून राह्यली, ते वाढ चांगली हाये का नुसतीच हाये हे आमी मोजतो, रस्ता, नाली, पानी, झाडं, साऱ्याले मार्क. मी बसवलं, तांब्या देला, पानी शेजारच्या नळाचं. तिनं पेलं अन् इचारलं, तुमच्या इहिरीचं पानी कसं हाये? काय सांगू तुम्हाले, माह्या तोंडातून निंगालं, लय चांगलं. पाव्हनीपुढं आपल्या इहिरीले वाईट कसं म्हनावं. तिनं लिहलं, माही सही घेतली अन् गेली.

सून बजारातून आली, म्हने आई, काय केलं हे, पानी चांगलं लिहल्यावर अठी नाली पाहाले कोन येईन? पोरीनं नंबर देला होता, फोन लावला, ते म्हने काकू, उद्या आमी अकोल्याले हाओ, मंग कागद जमा होतात, अन् तुमी सही केलेलं मी मनानं कसं बदलू. सकाळची यष्टी धरली. मांडीवर इहिरीच्या पान्याची बाटली, बूच घट्ट लावलं तरी वास ये, बाजूची बाई सरकून बसली. अकोल्याच्या स्टँडवर पोरगी आली, बाटली उघडली, नाक धरलं. मी म्हनलं माय, मी खोटं बोलली, खरं हे हाये. ते हासली नाही. पयलं खोडलं, नवीन लिहलं, सही घेतली. परतीच्या गाडीत मले झोपच लागली, इतकं हलकं वाटलं.

मंग महापालिकेची मानसं आले, पाहून गेले, लवकर नाही झालं, चकरा मारा लागल्या, पन उघडी नाली बंद झाली, जमिनीखालून सांडपान्याचा पाइप टाकला. इहीर उपसली, गाळ काढला, पानी तपासून आनलं. आता गिऱ्हाईक जुडी नाकाले लावते अन् पिशवीत टाकते. सासूच्या नावानं इहिरीपाशी दिवा लावला मी, म्हनलं आत्याबाई, तुमचं बोलनं मोडलं म्हनून इहीर वाचली, माफ करा. त्या पोरीचं भलं होवो.

घ्या, पानी घ्या. शेजारचं नाही, इहिरीचंच हाये, सकाळपासून मीही हेच पेऊन राह्यली.